अमेरिकी सरहद्दीवरच्या घराण्याची वंशावळ कशी शोधावी

डॅनियल बून हा अमेरिकी सरहद्दीवरचा, म्हणजे वस्ती जिथे पश्चिमेकडे सरकत होती त्या कडेवरचा, नामांकित वाटाड्या. त्याचा जन्म 1734 साली पेनसिल्व्हेनियात झाला. तरुणपण नॉर्थ कॅरोलिनातल्या याडकिन नदीकाठी गेलं. 1775 मध्ये त्याने कंबरलँड खिंडीतून केंटकीत जाणारी वाट पाडली. पुढे काही वर्षं कनावा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या वेस्ट व्हर्जिनियात काढली आणि 1799 मध्ये तो मिझुरीला गेला. मिझुरी तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. 1820 मध्ये तो तिथेच वारला. एका माणसाचे कागद आज पाच राज्यांत विखुरलेले आहेत.

बून प्रसिद्ध होता म्हणून त्याचा माग लागतो. त्याच्या मागोमाग त्याच वाटेने गेलेल्या हजारो कुटुंबांकडे प्रसिद्धी नव्हती. त्यांच्याकडे जमीन होती, कर्ज होतं, शेजारी होते आणि मुलं होती. आता अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत सून किंवा जावई तिथलाच असतो, आणि नातवंडांच्या आईकडची किंवा बापाकडची बाजू केंटकी-टेनेसीच्या डोंगरांत जाऊन पोचते. त्या बाजूची वंशावळ मांडायची कशी, त्याची ही रीत. उदाहरणं बून घराण्याचीच घेतली आहेत, कारण या शोधात जेवढ्या अडचणी येतात तेवढ्या सगळ्या त्या एका घरात सापडतात.

आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे बसा

1851 मध्ये लायमन ड्रेपर नावाचा इतिहासाचा वेडा संग्राहक बूनच्या धाकट्या मुलाकडे, नेथनकडे, मिझुरीत जाऊन राहिला. नेथन सत्तरीचा होता. त्याच्याकडून आणि त्याची बायको ऑलिव्ह हिच्याकडून ड्रेपरने आठवणी उतरवून घेतल्या. ते कागद आज विस्कॉन्सिनच्या ऐतिहासिक संस्थेत, मॅडिसनला आहेत. बून घराण्याबद्दल जे काही बारकाईने माहीत आहे, त्यातलं बरंचसं या एका मुक्कामामुळे टिकलं.

तुम्हीही तेच करा. आजी-आजोबांना नावं विचारा, पण त्याहून जास्त गावं विचारा. कोणत्या काउंटीत, म्हणजे राज्यातल्या कोणत्या जिल्ह्यात राहत होते, कोणत्या चर्चला जात, कोणाच्या शेजारी शेत होतं, दफन कुठे केलं. घरातलं जुनं बायबल मागून घ्या. त्याच्या मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू लिहायची पद्धत होती. छापल्याचं साल मात्र आधी बघा. बायबल 1840 चं असेल आणि त्यात 1790 पासूनच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या असतील, तर त्या कोणीतरी नंतर आठवून लिहिलेल्या आहेत. त्या टाकून देऊ नका, फक्त त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवा.

मग शिरगणतीच्या पायऱ्यांनी मागे उतरा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रसिद्ध पूर्वजापासून खाली यायला लागणं. आडनाव बून आहे म्हणून डॅनियलपासून सुरुवात केली, तर वाटेत कुठेतरी कागदाऐवजी इच्छाच काम करू लागते. आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जा, आणि प्रत्येक सांध्याला, म्हणजे हा मुलगा याच बापाचा, याला कागद हवा.

अमेरिकेत 1790 पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते. वैयक्तिक नोंदी 72 वर्षांनी खुल्या होतात, त्यामुळे सध्या 1950 पर्यंतच्या पाहता येतात. तिथून मागे 1880 पर्यंत कुटुंबप्रमुखाशी नातंही लिहिलेलं मिळतं. 1890 ची बहुतेक पानं 1921 च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर उरली नाहीत, तेव्हा तिथे वीस वर्षांची उडी मारावी लागते. 1850 ते 1870 मध्ये घरातल्या स्वतंत्र माणसांची नावं आहेत, पण नातं लिहिलेलं नाही. 1850 च्या घरातली चाळिशीची बाई आई असेल असं गृहीत धरू नका; ती सावत्र आई किंवा विधवा मावशीही असू शकते.

1850 च्या मागे भिंत लागते. 1790 ते 1840 च्या शिरगणतीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे आणि बाकीचे वयोगटांच्या रकान्यांत आकडे म्हणून बसलेले आहेत. त्यातही केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या याद्या हरवलेल्या आहेत. बहुतेक जण इथे हात टेकतात. खरं तर सरहद्दीवरच्या घराण्याचा शोध इथूनच सुरू होतो.

माणसाआधी हद्दी शोधा

घर एकाच जागी उभं राहतं आणि काउंटी त्याच्याखालून सरकते, हे या शोधातलं सगळ्यात महत्त्वाचं सूत्र. डॅनियल जन्मला तेव्हा ते ठिकाण फिलाडेल्फिया काउंटीत होतं. बर्क्स काउंटी 1752 मध्ये झाली. याडकिनकाठी त्याचा बाप 1765 मध्ये वारला, तेव्हा ती जागा रोवन काउंटीत होती. डेव्ही काउंटी 1836 मध्ये त्यातून निघाली. आज थडगं डेव्हीत आहे, पण बापाच्या हयातीतले जमिनीचे कागद रोवनच्या दप्तरात शोधावे लागतात. केंटकी तर 1776 च्या अखेरीस व्हर्जिनियाची एक काउंटी म्हणून जन्माला आली, 1780 मध्ये तिच्या तीन झाल्या, 1792 मध्ये राज्य झालं तेव्हा नऊ होत्या आणि आज 120 आहेत.

म्हणून प्रत्येक नोंदीपुढे दोन ठिकाणं लिहा: त्या वर्षीची काउंटी आणि आजची काउंटी. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने तारखेनुसार बदलणाऱ्या काउंटी-हद्दींचे नकाशे विनामूल्य ठेवले आहेत. माझ्या मते हे नकाशे उघडल्याशिवाय कुठल्याही कोर्टहाऊसला पत्र लिहू नये.

जमिनीच्या कागदांवर मुक्काम करा

इथे घाई करू नका. सरहद्दीवर जन्माची नोंद करणारं कोणी नव्हतं, चर्च कधी असे कधी नसे, पण जमिनीचा कागद केल्याशिवाय कोणाचं चालत नसे.

व्हर्जिनियाच्या 1779 च्या कायद्याने, ज्यांनी 1778 सुरू होण्याआधी केंटकीत वस्ती केली होती त्यांना 400 एकर वस्तीचा हक्क आणि लगतची 1000 एकरपर्यंत आधी विकत घेण्याचा हक्क दिला. त्याची प्रमाणपत्रं कोण कधी आलं ते सांगतात. मोजणी मात्र झाडं, ओढे आणि खुणा धरून व्हायची. ‘पांढऱ्या ओकपासून उत्तरेला 120 पोल, अमक्याच्या कोपऱ्यापर्यंत’ अशी ती भाषा असे. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपल्याकडे खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तसंच हे, आणि चतुःसीमेप्रमाणेच त्यातलं सोनं म्हणजे शेजाऱ्यांची नावं. आलेख कागदावर दिशा आणि लांबी घेऊन तुकडा काढा, मग शेजाऱ्यांचे तुकडे त्याला जोडा. तीन-चार तुकडे जुळले की दिसतं, की ही माणसं याडकिनकाठीही शेजारी होती. सरहद्दीवर कुटुंब एकटं जात नसे. भावंडं, मेहुणे, व्याही, चर्चमधले सोबती असा सगळा काफिला जाई. तुमच्या पूर्वजाचं मूळ गाव कळत नसेल, तर त्याच्या शेजाऱ्याचं शोधा.

ओहायो नदीच्या उत्तरेला गोष्ट वेगळी. तिथे 1785 च्या कायद्याने सहा मैलांच्या चौकोनांत मोजणी झाली, प्रत्येक चौकोनाचे 36 भाग, प्रत्येक भाग 640 एकर. ती सरकारी वाटपपत्रं केंद्रीय भूमी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया मात्र त्यात नाहीत. केंटकीसाठी त्या राज्याच्या भूमी-दप्तराकडे आणि व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाकडे जावं लागतं.

कागदांत तीन प्रकार आवर्जून शोधा. पहिला, नवऱ्याने जमीन विकताना बायकोने आपला वारसाहक्क सोडल्याची नोंद. कितीतरी बायकांचं नाव आयुष्यभरात एवढ्या एकाच कागदावर आलेलं असतं. दुसरा, बापाच्या मृत्यूनंतर वारसांनी केलेलं वाटप किंवा विक्री. त्यात लेकी आणि जावई सगळे नावानिशी येतात, मृत्युपत्रात नसले तरी. तिसरा, जमिनीचे दावे. केंटकीत मोजण्या एकमेकींवर चढल्या होत्या, बूनने स्वतःची बरीचशी जमीन अशाच गोंधळात गमावली. या दाव्यांत म्हाताऱ्या साक्षीदारांनी शपथेवर आपलं वय आणि कोणाबरोबर कधी आलो ते सांगितलेलं असतं.

करयाद्या वर्षामागून वर्ष वाचा

शिरगणती दहा वर्षांनी होते, करयादी दरवर्षी. एकच साल पाहून सोडू नका, सलग वीस वर्षं उतरवून घ्या. 16 ते 21 वयाच्या मुलांचा रकाना एका वर्षी एकने कमी झाला आणि खाली त्याच आडनावाचं नवं नाव आलं, तर मुलगा 21 चा झाला असण्याची शक्यता दिसते. बापाचं नाव जाऊन त्या जागी विधवेचं नाव आलं, की मृत्यूचं साल हाती येतं.

याच काळासाठी स्वातंत्र्ययुद्धाच्या पेन्शनचे कागदही काढा. 1832 च्या कायद्याखाली अर्ज करणाऱ्या वृद्ध सैनिकांना जन्म कुठे झाला, कुठे राहिलो, कोणाच्या हाताखाली लढलो हे सांगावं लागे. विधवांच्या अर्जांना लग्नाचा पुरावा म्हणून बायबलची फाडलेली पानं जोडलेली सापडतात. नामंजूर झालेले अर्जही बघा, त्यांत कधीकधी जास्त माहिती असते.

नावं आणि तारखा जपून वाचा

डॅनियलच्या बापाचं नाव स्क्वायर आणि भावाचंही स्क्वायर. हा शब्द इतरत्र दंडाधिकाऱ्याची पदवी म्हणून येतो, इथे ते पाळण्यातलं नाव आहे. डॅनियलच्या एका मुलाचं नाव डॅनियल मॉर्गन बून. मधल्या नावावरून आईचं माहेर ओळखा असं सगळे सांगतात, आणि जेसी ब्रायन बून या दुसऱ्या मुलाच्या बाबतीत ते खरंही ठरतं, कारण आई रेबेका ब्रायनांची. पण मॉर्गन हे डॅनियलच्या आईचं माहेरचं आडनाव होतं आणि रेबेकाच्या आजोबांचं पहिलं नावही मॉर्गनच होतं. एकट्या नावावरून निष्कर्ष काढला तर असा फसतो. ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ या खुणाही बाप-लेकच दाखवतात असं नाही. त्या गावातला मोठा आणि लहान एवढाच अर्थ कित्येकदा असतो.

नात्यांची टिपणं मराठीत ठेवा, असा माझा आग्रह आहे. इंग्रजीतला ‘कझिन’ सगळं झाकून टाकतो. डॅनियलचा भाऊ एडवर्ड याची बायको मार्था ही रेबेकाची बहीण. म्हणजे दोन सख्ख्या जावांची मुलं एकमेकांची चुलत भावंडंही होती आणि मावस भावंडंही. हे आपल्या भाषेत एका ओळीत लिहिता येतं, आणि लिहिलं की कोण कोणाच्या मृत्युपत्रात का आलं ते लगेच उलगडतं.

तारखांचा एक सापळा आहे. 1752 पर्यंत इंग्रजी अमलात जुनं कॅलेंडर होतं आणि वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. बूनचा जन्म जुन्या गणनेने 22 ऑक्टोबरचा, नव्या गणनेने 2 नोव्हेंबरचा. बून घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं होतं आणि क्वेकर महिन्यांना नावांऐवजी क्रमांक देत. त्या काळचा ‘सातवा महिना’ म्हणजे सप्टेंबर. क्वेकरांच्या सभेच्या नोंदी मात्र फार नेटक्या. पंथाबाहेर लग्न झालेल्या मुलामुळे बूनच्या बापाला 1748 मध्ये पंथाबाहेर काढलं, हेही त्यात आहे. बॅप्टिस्ट चर्चच्या इतिवृत्तांत गाव सोडताना दिलेल्या दाखल्यांची नोंद असते, ती शोधा.

या घरांत आणखी माणसं होती

वंशावळ मांडताना ही पायरी गाळू नका. ज्या जमिनीच्या कागदांवर आपण महिने घालवतो, ती जमीन चेरोकी, शॉनी आणि इतर मूळ रहिवाशांची होती. मार्च 1775 मध्ये सिकामोर शोल्स इथे जमिनीचा व्यापार करणाऱ्या रिचर्ड हेंडरसनच्या कंपनीने चेरोकी प्रमुखांशी केलेल्या जमिनीच्या सौद्याला त्यांच्यातल्याच ड्रॅगिंग कॅनूने विरोध केला होता. पुष्कळ घरांत ‘आमची खापरपणजी चेरोकी होती’ असं सांगतात. सांगणं ऐकून घ्या, पण कागद मागा. आजच्या ओक्लाहोमातल्या, चेरोकींसह मूळ रहिवाशांच्या पाच राष्ट्रांच्या सदस्यांच्या याद्या 1898 पासून तयार झाल्या, तिथे त्या शाखेचं कोणी आहे का ते पाहा.

आणि सरहद्दीवरच्या कितीतरी घरांत गुलाम केलेली माणसं होती, बूनच्या घरातही. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत बहुधा नाव नाही, मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण आहे. त्यांच्या वंशजांना शिरगणतीत नावं सापडतात ती 1870 पासून. त्याआधीचा दुवा असतो मालकाच्या मृत्युपत्रात, मालमत्तेच्या यादीत, विक्रीखतात. अशी नावं तुमच्या हाती लागली तर ती उतरवून वंशावळीबरोबर खुली करा. तो कागद दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला त्यांच्या पणजीपर्यंत नेणारा एकमेव पूल असू शकतो.

जनुकीय चाचणी, थोडक्यात

साधी चाचणी साधारण पाच-सहा पिढ्यांपर्यंत कामाची. त्यापलीकडच्या पूर्वजाचा अंश तुमच्यात उरलेला असेलच असं नाही. थेट बापाकडच्या ओळीसाठी वाय गुणसूत्राची चाचणी वेगळी आणि उपयोगाची. दोन एकाच आडनावाची घरं खरंच एका मूळची आहेत का, हे तिने कळतं. कागदाला ती जोड आहे, कागदाच्या जागी बसत नाही.

कागद मागवताना

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर विनामूल्य खातं उघडा. कित्येक काउंट्यांची खरेदीखतं आणि मृत्युपत्रं तिथे चित्ररूपात आहेत, आणि जुनं हस्ताक्षर वाचून शब्द शोधण्याची सोयही आता आहे. शोधात नाव आलं नाही म्हणजे कागद नाही असं समजू नका. नोंदवहीच्या सुरुवातीची हाती लिहिलेली सूची उघडून बघा, आणि आडनाव कानाला ऐकू येईल तशा सगळ्या स्पेलिंगांनी शोधा. काउंटीच्या लिपिकाला पत्र लिहायचं तर सारांश मागू नका, मूळ पानाची प्रत मागा, आणि आधीचं व नंतरचं पानही मागा. त्याच दिवशी कोर्टात आणखी कोण आलं होतं ते त्या पानांवर असतं, आणि साक्षीदार म्हणून सही करणारा बहुधा बायकोचा भाऊ निघतो.