सशाच्या ट्रेमध्ये काय अंथरावं? पिंजार, पेपर की भुसा

सशाच्या ट्रेमध्ये काहीही टाकायच्या आधी एकच प्रश्न विचारा: हे त्यानं खाल्लं तर? मांजर वाळूत जातं, काम उरकतं आणि बाहेर येतं. ससा तसा नाही. तो ट्रेमध्ये बसून लेंड्या टाकता टाकता गवत चघळतो, दुपारची झोपही कधी कधी तिथंच काढतो. जे अंथराल ते त्याच्या पोटात जाणार, हे धरूनच चालायचं.

म्हणून मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी मातीची वाळू सशाला अजिबात नको. पोटात गेल्यावर तिचा तिथंही गोळा बसतो, आणि सशाला उलटी करता येत नाही. दुकानदार 'चालतंय की' म्हणाला म्हणून आम्ही एकदा तिची पिशवी घरी आणली होती. ससा ट्रेमध्ये गेल्या गेल्या खडे हुंगून चाटायला लागला, तेव्हा ती तशीच बाहेर काढली.

आपल्या भागात देवानं चांगली सोय केलेली आहे. बेळगाव, येळ्ळूर, खानापूर हा सगळा भाताचा पट्टा. सुगी झाली की पिंजार, म्हणजे भाताचा पेंढा, शेतकऱ्याकडं स्वस्तात मिळतं, ओळखीत असेल तर एखादा भारा फुकटही. कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्याकडं 'भत्तद हुल्लु' म्हणून मागा. घेताना दोन गोष्टी बघा. मूठभर पिंजार उन्हात धरून जोरात झटका. धुरासारखी धूळ उडाली तर ते ठेवून द्या. मग नाकाशी धरा. सुक्या गवताचा गोडसर वास यायला हवा. कुबट वास आला किंवा काड्यांवर काळे-करडे ठिपके दिसले तर बुरशी आहे, घेऊ नका. कापणीच्या जवळपास फवारणी केली होती का, हेही विचारून घ्या. एक लक्षात ठेवा, ससा पिंजार चघळला तर बिघडत नाही, पण त्यात कस कमी असतो. रोजचं चांगलं गवत वेगळं द्यायलाच हवं.

भुसा मोफत मिळतो म्हणून बरेच जण सॉ मिलमधून पोतं भरून आणतात. बारीक भुसा सशाच्या नाकाला सोसत नाही. ससा शिंकायला लागला की त्याचे पुढचे पाय उचलून आतल्या बाजूचे केस बघा. ते ओले, चिकटून गुठळ्या झालेले असतील तर तो सारखं नाक पुसतोय. तसं दिसलं की भुसा बंद करा आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. फर्निचरच्या कारखान्यातल्या भुशात प्लायवूड आणि गोंद मिसळलेला असतो, तो तर नकोच. पाईनच्या खोक्यांच्या ताज्या सालपटांचा उग्र वास आपल्याला आवडतो, पण त्यातली द्रव्यं सशाच्या यकृतावर ताण आणतात.

निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना कळकळीची विनंती: तंबाखूच्या काड्या, त्याची धूळ, तंबाखू भरलेली जुनी पोती, यातलं काहीही पिंजऱ्याजवळ नको. निकोटिन सशाला विष आहे. उसाचं पाचटही टाळा; पानांच्या कडा करवतीसारख्या असतात आणि ते ओल शोषत नाही. भाताचा तूसही शोषत नाही, वर धूळ फार.

आता ट्रे लावायचा. ससा ऐसपैस वळू शकेल एवढी प्लास्टिकची पाटी घ्या. तळाला कालच्या पेपरची चार-पाच पानं घाला. साधा काळ्या शाईचा कागद बरा, गुळगुळीत रंगीत पुरवण्या नकोत. त्यावर पेपरच्या पट्ट्या फाडून बोटभर थर द्या, लघवी तोच शोषतो. वर दोन इंच पिंजार. एका कोपऱ्यात ताज्या गवताची जुडी ठेवा, ती खायला ससा आपणहून आत जातो. पण पट्ट्याच आवडीनं खाणारा ससा असेल तर कागद सोडून फक्त पिंजार वापरा. ससा लघवीला बहुधा एकच कोपरा धरतो, तेव्हा पाटी तिथंच सरकवा आणि पहिले काही दिवस थोड्या लेंड्या व लघवीनं भिजलेला कागदाचा तुकडा आत राहू द्या. नसबंदी झालेला ससा ही सवय लवकर लावून घेतो.

ओला भाग रोज काढा, पूर्ण ट्रे दोन-तीन दिवसांनी बदला. खाली वाकून सशाच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. डोळ्यांना झोंबलं तर उशीर झालाय. तळाला बसलेला पांढरा थर कॅल्शियमचा असतो, त्यावर व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवला की सुटतो. फिनेल वापरू नका. सुक्या लेंड्या थेट कुंडीत टाकता येतात, झाडांना त्या जाळत नाहीत.

पावसाळ्यासाठी मात्र आधीच तयारी हवी. खानापूरच्या पावसात उघड्यावरचं पिंजार आठवड्यात कुबट होतं. सुगीतच वर्षाचं पिंजार घ्या, दोन दिवस कडक ऊन दाखवा आणि ज्यूटच्या पोत्यात भरून माळ्यावर, फळीवर ठेवा. प्लास्टिकच्या पोत्यात ते घामेजतं. पावसाळ्यात ट्रे रोज बदला. ओल्या शेपटीवर माशी अंडी घालते, त्यांतून निघालेल्या अळ्या कातडी पोखरतात आणि ससा एक-दोन दिवसांत दगावू शकतो. म्हणून जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन शेपटीखालचे केस बोटांनी बाजूला करून बघा.