मोठी व्हॅन बुक करण्याआधी गॅरेजला टेप लावा

पुण्या-नाशिककडच्या जुन्या बंगल्यांतली गॅरेजं अँबॅसिडर आणि फियाटच्या हिशोबाने बांधलेली आहेत. अँबॅसिडर लांबीला सव्वाचार मीटरच्या जरा वर, प्रीमियर पद्मिनी तर चार मीटरच्याही आत. दहा बाय सोळा फुटांची खोली त्या गाड्यांना ऐसपैस होती. तिथे आता सात-आठ माणसांची व्हॅन ठेवायची असेल, तर शोरूममध्ये टोकन देण्याआधी एक सकाळ मोकळी काढा. सोबत साडेसात मीटरची स्टीलची टेप, खडू, वही आणि टेपचं दुसरं टोक धरायला घरातलं कुणीतरी हवं. शिवणकामाची टेप नको, ती ताणते.

आधी सगळी मापं मिलिमीटरमध्ये आणा. ब्रोशर मिलिमीटरमध्ये बोलतं, मिस्त्री फूट-इंचात आणि करारनामा चौरस मीटरमध्ये. घोळ इथेच होतो. सोळा फूट म्हणजे ४,८७७ मिलिमीटर. किया कार्निव्हलची लांबी ५,१५५, म्हणजे तो विषय तिथेच संपला. टोयोटा इनोव्हा हायक्रॉस ४,७५५, म्हणजे कागदावर बसली आणि जेमतेम बारा सेंटिमीटर उरले. शटर बंद होईलही, पण सामान काढायला दर वेळी गाडी बाहेर घ्यावी लागेल आणि गाडीच्या मागून पलीकडे जायला वाट राहणार नाही. गाडीच्या लांबीवर किमान दोन फूट मोकळे सुटले तरच मी त्याला ‘बसते’ म्हणेन.

रुंदी दोन ठिकाणी मोजायची आणि दोन्ही आकडे वेगळे लिहायचे. एक आतली, भिंत ते भिंत; दुसरी शटरच्या तोंडाची. बहुतेक लोक पहिलीच मोजतात आणि गाडी अडते दुसरीत. शटरजवळ जाऊन नीट बघा. ज्या उभ्या लोखंडी पट्ट्यांतून पत्रा वर-खाली सरकतो, त्या चौकटीच्या आत बसवलेल्या असतील तर दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच खातात. त्याखाली कुलपाची कडी आणि तिला वेल्ड केलेला अँगल बाहेर आलेला असतो, नेमका गाडीच्या दाराच्या उंचीवर. भिंतीचं तोंड आठ फूट, म्हणजे २,४३८ असलं, तरी खरी वाट २,३०० च्या आसपासच उरते. तळाशी, कमरेच्या उंचीला आणि खांद्याच्या उंचीला अशी तीनदा मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा. जुन्या भिंती ओळंब्यात असतीलच असं नाही.

आता त्यातून गाडी वजा करा. ब्रोशरमधली रुंदी सहसा आरसे सोडून दिलेली असते. तुमचं गॅरेज सोळा फुटांहून लांब असेल आणि कार्निव्हलच मनात असेल, तर तिची रुंदी १,९९५ आहे. २,३०० मधून ती गेली की दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटर उरतात. आरसे मिटवावेच लागतील, आणि मिटलेले आरसेही अंगाबाहेर थोडे राहतातच. तेव्हा शोरूममधल्या गाडीचे आरसे उघडे आणि मिटलेले, दोन्ही मापं स्वतः घ्या. सेल्समन जरा चमत्कारिक नजरेने बघतो, बघू द्या.

आत शिरल्यावर उतरायचंही आहे. सरकत्या दाराची व्हॅन इथे उजवी ठरते, कारण मागचं दार भिंतीकडे उघडत नाही. पण चालकाचं दार उघडतंच. दहा फुटांच्या खोलीत कार्निव्हल डाव्या भिंतीपासून वीतभर अंतरावर लावली तर उजवीकडे ऐंशीएक सेंटिमीटर मिळतात, तेवढ्यात माणूस आरामात उतरतो. मग डाव्या बाजूचे सगळे आधी बाहेरच उतरवायचे. घरात गुडघे दुखणारी आजी असेल तर हा मुद्दा लांबी-रुंदीपेक्षा मोठा आहे.

उंची मोजताना शटर पूर्ण वर करा आणि जमिनीपासून शटरच्या खालच्या पट्टीपर्यंत मोजा, लिंटेलपर्यंत (तोंडावरच्या आडव्या तुळईपर्यंत) नाही. गुंडाळलेलं शटर लिंटेलखाली लोंबत असतं, आणि हात घालायची कडी त्याच्याही खाली. ब्रोशरमधल्या उंचीत तुम्ही नंतर टपावर लावणार असलेला सामानाचा कॅरिअर नसतो, हेही वहीत लिहा. आत तुळई, पंखा, ट्यूबलाइट बघा. डिकीचं दार वर उघडताना आधी मागे झोका घेतं आणि मग छताकडे जातं. शोरूममध्ये ते पूर्ण उघडून टोकापर्यंतची उंची मोजा आणि ते किती मागे येतं तेही टिपून ठेवा.

खरी गंमत उताराची आहे, आणि ती टेपला सरळ सापडत नाही. आपल्याकडे रस्ता, मग गटारावरचा काँक्रीटचा उतार, मग जोत्याच्या उंचीवर गॅरेज, अशी रचना सर्रास असते. लांब गाडी या उताराच्या माथ्यावर आली की पोट टेकतं. किती, याचा सोपा हिशोब आहे: पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर गुणिले उतार (म्हणजे चढाची उंची भागिले त्याची लांबी), भागिले चार. कार्निव्हलचं हे अंतर ३,०९०. आठ फुटांत एक फूट चढ असेल तर सुमारे ९७ मिलिमीटर, आणि पाचात एक असेल तर १५५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर, माथ्यावरच खर्च होतो. गाडीत माणसं आणि सामान भरल्यावर ती आणखी खाली बसते, म्हणून रिकाम्या गाडीचा आकडा धरू नका. गाडी उलटी आत घेत असाल तर गाडीचं टपही सांभाळा. मागच्या चाकांच्याही मागे साधारण मीटरभर अंग असतं, आणि आठात एक चढावर त्याचं टोक सपाटीपेक्षा बारा-साडेबारा सेंटिमीटर वर उचललं जातं. तोंडापाशी सपाट जमिनीच्या हिशोबाने चार इंच मोकळे दिसत असतील, तर ते तेवढ्यातच संपले. उतार मोजायला पाण्याची लेव्हल-नळी पुरते; कुठल्याही गवंड्याकडे असते.

समोरची गल्ली मोजायला विसरू नका. रस्त्यावरून काटकोनात वळून आत शिरायचं असेल तर गॅरेजच्या तोंडापेक्षा गल्लीची रुंदी जास्त त्रास देते. समोरच्या घरासमोर रात्री कुणाच्या गाड्या लागतात ते बघा. सकाळी दहाची गल्ली आणि रात्री दहाची गल्ली, यांत दोन-अडीच मीटरचा फरक असतो. जमिनीवर गाडीचा चौकोन खडूने आखा आणि आत ठेवलेलं सगळं त्याच्याशी ताडून बघा: इन्व्हर्टर, पाण्याची मोटर, वीजमीटरची पेटी, भिंतीलगतचा पाइप, मुलांच्या सायकली. यातलं हलणारं आणि न हलणारं वेगळं लिहा. दिवाळीत आवरू म्हणून ठेवलेलं सामान न हलणाऱ्यांत धरा.

सोसायटीत स्टिल्टमधली (इमारतीखाली खांबांमधली) किंवा तळघरातली जागा असेल तर आपल्या खांबांइतकंच वाटेवरचे खांब, रॅम्पचं वळण आणि वरून जाणारे ड्रेनेजचे पाइप बघा; सगळ्यात खालचा पाइप हीच तुमची उंची. यांत्रिक पार्किंग असेल तर यंत्रावरच्या पाटीवर उंची आणि वजनाची मर्यादा असते, ती वाचून मगच गाडीचं नाव काढा. नवा फ्लॅट घेत असाल तर महारेराच्या (राज्याच्या गृहबांधणी नियामक प्राधिकरणाच्या) एप्रिल २०२४ च्या आदेशामुळे पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि जागा करारासोबतच्या जोडपत्रात यायला हवी. ते जोडपत्र मागून घ्या आणि तरीही प्रत्यक्ष मोजा. फोर्स अर्बानियासारखी अडीच मीटर उंचीची गाडी मनात असेल, तर स्टिल्टचा विचार सोडा आणि उघडी जागा शोधा.

सगळे आकडे जमले की टेस्ट ड्राइव्ह घरी मागवा, संध्याकाळी, गल्ली भरलेली असताना. रोज गाडी चालवणाऱ्यानेच ती आत घ्यायची, शोरूमच्या ड्रायव्हरने नाही. दोन-चार माणसं आत बसवा, माथ्यावर थांबून पोटाखाली बघा, शटर पूर्ण खाली ओढा. थोडक्यात अडत असेल तर शटरचा रोल बाहेरच्या बाजूला घेणं, किंवा शटर काढून बाहेर उघडणारं फाटक बसवणं, हे उपाय भिंत फोडण्यापेक्षा स्वस्त पडतात. त्याचा खर्च मिस्त्रीकडून लिहून घ्या आणि गाडीच्या किमतीत मिळवा.