नवोदितांचे लेखन छापून येण्यासाठी मदत कशी करावी

एखादी विद्यार्थिनी कवितांची वही पुढे करून ‘हे कुठे छापून येईल का?’ असे विचारते, तेव्हा शिक्षकाने किंवा ग्रंथपालाने लगेच पत्ता देऊ नये. आधी तिच्यासमोर चार नियतकालिकांचे अंक ठेवावेत आणि आपली कविता यांपैकी कोणत्या अंकात शोभेल, हे तिलाच ठरवू द्यावे. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक, बालभारतीचे १९७१ पासूनचे ‘किशोर’ मासिक आणि पुरुषोत्तम पाटील यांनी धुळ्यातून काढलेले, केवळ कवितेला वाहिलेले ‘कविता-रती’ या प्रत्येकाचा वाचक निराळा आहे. माझ्या अनुभवात नवोदितांचे लेखन परत येते ते बरेचदा चुकीच्या दारावर गेल्यामुळे, म्हणून या पायरीला महिनाभर लागला तरी लागू द्यावा.

जागा ठरली की मुद्रणप्रत तयार करावी. लेखन युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर नीट वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, टंकित करावे. एका मुलाची कथा मी जुन्या फॉन्टमध्ये पाठवली होती. संपादकांच्या संगणकावर ‘आजी’च्या जागी कंस आणि टिंबे उमटली, आणि हे आम्हांला कळेपर्यंत अंक छापखान्यात गेला होता. ऱ्हस्व-दीर्घ तपासताना चुकीच्या शब्दाखाली फक्त रेघ ओढावी, दुरुस्ती लेखकाने करावी. त्याच्या बोलीतला शब्द मात्र प्रमाण भाषेच्या नावाखाली कधीही बदलू नये, कारण पुष्कळदा त्या लेखनाचा सगळा जीव त्या एका शब्दात असतो.

सोबतचे पत्र पाच-सहा ओळींचे पुरे: नाव, पत्ता, दूरध्वनी, लेखनाचा प्रकार आणि ते अप्रकाशित असल्याची ग्वाही. एक कविता एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावी. कोणते लेखन कोठे, कोणत्या तारखेला गेले आणि उत्तर काय आले, याची नोंद वहीत ठेवावी. तीन महिने उलटले तर नम्रपणे विचारणा करावी. ‘साभार परत’ आले, तर मुलांना एकटे सोडू नये. शेजारी बसून ते लेखन पुन्हा वाचावे आणि वहीतल्या पुढच्या नावाकडे पाठवावे.

१९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा नवोदितांसाठी आजही मोठी संधी आहे, पण त्यांची जुळवाजुळव उन्हाळ्यापासूनच सुरू होते, गणपतीनंतर पाठवलेल्या कथेला बहुधा उशीर झालेला असतो.

पुस्तकाएवढे लेखन जमले असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात पाहावी; पहिल्या पुस्तकासाठीच ती आहे. लेखकाकडूनच पैसे मागणाऱ्या प्रकाशकाकडे घाईने जाऊ नये. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी कोणी वेगळी रक्कम सांगितली, तर तो भारतात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, हे लक्षात ठेवावे. करार लेखी असावा आणि त्यात हक्क किती वर्षांसाठी दिले ते स्पष्ट लिहून घ्यावे. मुदत लिहिलेलीच नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षे धरली जाते. लेखक अठरा वर्षांखालील असेल, तर करारावर पालकांची सही घ्यावी आणि त्याची एक प्रत लेखकाजवळ राहील, हे पाहावे.