लॉकडाऊनमध्ये अडलेलं रेशन असं सुटलं

कोल्हापुरात २०२० ला हातची कामं गेली, तेव्हा पहिला आधार रेशनकार्डाचा. एप्रिलपासून केंद्राच्या गरीब कल्याण योजनेत माणशी ५ किलो धान्य मोफत मिळायचं, नेहमीच्या कोट्याच्या वर. तरी काहींना कमी मिळायचं. कार्डावर नाव असूनही आधार जोडलेलं नसलं की अडतं. रेशन दुकानात आधार जोडून घ्या. गवंडीकामानं, धुण्याभांड्यानं बोटांच्या रेषा झिजल्या की दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही. सॅनिटायझरचा ओलावा पुसा, दुसरं बोट लावा, नाहीतर कार्डातलं दुसरं माणूस न्या. पावती मागाच, तीवर किलो छापलेले असतात. तोवर पोटाला सरकारी शिवभोजन थाळी होती, तेव्हा ५ रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. कार्डच नव्हतं त्यांना आधार पेठेतल्या तालमीचा, म्हणजे आखाड्याभोवती जमलेल्या गल्लीच्या मंडळाचा. मदत मागताना घरात माणसं किती, लहान मूल आहे का, तेवढं स्पष्ट सांगा. मागायला लाजू नका.