चिनी तलवारींचा इतिहास सांगताना या चुका टाळा

जपानी कटाना (बाकदार, एकधारी तलवार) आधीची आणि चिनी तलवार ही तिची नक्कल, असं कुणी लिहिलं की मी तो लेख तिथंच बंद करतो. आधी सनावळी बघा. शानडोंगमध्ये सापडलेली एक पोलादी तलवार सन 112 ची आहे. ती ‘तीस वेळा घडवलेली’ असल्याचा मजकूर पात्यावर सोन्यानं भरलाय. जपानात नारा भागातल्या एका थडग्यातून निघालेल्या तलवारीवर दुसऱ्या शतकाच्या अखेरचं चिनी राजवर्ष आहे. म्हणजे तेव्हा पाती चीनकडून जपानकडे जात होती. जपानी पात्याला ओळखीचा बाक आला तो दहाव्या शतकाच्या आसपास. उलटी वाहतूक नंतरची. मिंग काळात (1368 ते 1644) जपानी तलवारी हजारोंनी चीनमध्ये आल्या. किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढणाऱ्या सेनापती ची जिग्वांगच्या हाती 1561 मध्ये जपानी तलवारविद्येची पोथी लागली आणि त्यानं त्या धर्तीची लांब तलवार आपल्या सैन्याला शिकवली. नक्कल झाली ती इथं, आणि उघडपणे झाली.

दुसरी चूक खिशाला भारी पडते: पात्यावर नक्षी दिसली की ‘घड्या घातलेलं अस्सल जुनं पोलाद’ असं समजणं. ओळखीच्या एका संग्राहकानं मिंग काळातली म्हणून एक तलवार आणली. सुरेख लाटा, बेताचा गंज. खिडकीपाशी पातं तिरपं धरलं, तर लाटा धारेपासून पाठीपर्यंत एकसारख्या. चांगल्या चिनी पात्यात दोन मऊ थरांच्या मध्ये कडक पोलादाची पट्टी बसवायचे. तिच्या जोडाची रेघ धारेलगत दिसते. इथं ती नव्हतीच. त्याच्या परवानगीनं मुठीजवळचा नखाएवढा भाग घासून पुन्हा सौम्य ॲसिड लावलं. नक्षी उमटलीच नाही. खरी, म्हणजे पोलादाच्या आतलीच असती, तर परत आली असती.

हिंदुस्थानी पोलादाच्या लहरीही घड्यांतून येत नाहीत. मुशीत पोलाद सावकाश थंड होताना आत जी रचना तयार होते, ती पातं घडवल्यावर वर दिसते. जपानी धारेलगतची ढगाळ पट्टी आणखी निराळी: पाठीवर मातीचा जाड थर देऊन तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की धार कडक होते, पाठ मऊ राहते. तिन्हींना सरसकट ‘डमास्कस’ (नक्षीदार पोलादाचं प्रचलित नाव) म्हणणं हा निव्वळ आळस आहे. मी आधी धार बघतो, मग पाठ, नक्षी सगळ्यात शेवटी. नवख्यांना एवढा धीर नसतो आणि विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

छिन काळातल्या (इ.स.पू. तिसरं शतक) तलवारींना क्रोमचा मुलामा होता, हे आता तरी सोडा. ते क्रोमियम छिन सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांवरच्या लाखेतून आलं, हे 2019 च्या अभ्यासानं दाखवलंय.

1965 मध्ये हुबेईत सापडलेली प्राचीन चिनी राजा गौजियानची तलवार कांस्याची आहे, पोलादाची नाही.

चिनी तलवारींचे दोन मुख्य प्रकार: जियान दुधारी, दाओ एकधारी. फोटोखाली नाव टाकण्याआधी धारा मोजा.

सहाव्या शतकातला चिनी तलवार घडवणारा चीवू ह्वाईवेन तापलेली पाती जनावरांच्या मूत्रात आणि चरबीत बुडवून विझवायचा, हे वाचून हसू नका. चरबीत पातं पाण्यापेक्षा सावकाश निवतं, त्यामुळे तडा जायचा धोका कमी होतो.