गाडीत कॅड चालवायचंय? लॅपटॉप घेण्याआधी हा भागाकार करा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतून कास्टिंगचं मॉडेल घेऊन चाकणच्या ग्राहकाकडे निघालं, की पुण्यापर्यंतच सव्वादोनशे किलोमीटरच्या वर रस्ता होतो. मुंबईला कोयना एक्सप्रेसने गेलात तर अख्खा दिवस गाडीत जातो. अशा प्रवासात कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्टचं डिझाइन करण्याच्या सॉफ्टवेअरवर, काम करायचं असेल तर जाहिरातीतले बॅटरीचे ‘१८ तास’ सोडून द्या. तो आकडा बहुतेक वेळा मंद उजेडावर नुसता व्हिडिओ चालवून काढलेला असतो.

खरा हिशेब सोपा आहे. बॅटरीची क्षमता वॅट-तासात बघा आणि तिला लॅपटॉप ओढत असलेल्या वॅटने भागा. ९० वॅट-तासांची बॅटरी धरू. ड्रॉइंग वाचणं, मेल, एक्सेल अशा कामात मशीन १० ते १२ वॅट ओढत असेल तर साडेसात ते नऊ तास मिळतात. असेंब्ली (अनेक पार्ट जोडलेलं मॉडेल) फिरवत, फीचर बदलत बसलात आणि खप ३० वर गेला, तर तीनच तास. साच्यात धातू कसा भरतो हे बघणारं मोल्ड फिलिंगचं सिम्युलेशन लावलंत आणि खप ९० वर गेला, तर तासाभरात खेळ संपला. म्हणून सॉल्व्हर (सिम्युलेशनची आकडेमोड) आणि रेंडरिंग (मॉडेलचं हुबेहूब चित्र काढणं) ऑफिसच्या डेस्कटॉपवरच ठेवा. प्रवासाचा लॅपटॉप मॉडेल उघडायला, दुरुस्त करायला आणि ग्राहकाला दाखवायला घ्यायचा. एवढं एकदा ठरलं की निम्मी निवड तिथेच होते.

दुकानात मॉडेलचं नाव ऐकून थांबू नका. एकाच नावाखाली दोन मापांच्या बॅटऱ्या येतात. थिंकपॅड पी१६एसच्या दुसऱ्या पिढीत ५२.५ आणि ८६ वॅट-तास अशा दोन्ही होत्या. कोटेशनवर वॅट-तास लिहून घ्या, नाहीतर स्वस्त पडलेला लॅपटॉप हमखास छोट्या बॅटरीचा निघतो. वरची मर्यादाही ध्यानात ठेवा. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी परवानगीशिवाय नेता येते, त्यामुळे मोठे लॅपटॉपही बहुतेक १०० च्या आतच थांबतात.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटची अक्षरं वाचा. इंटेलचा ‘एचएक्स’ हा मुळात डेस्कटॉपचा चिप आहे. तो नुसता बसल्या जागीही जास्त वीज खातो, म्हणून प्रवासासाठी आम्ही तो सुचवत नाही. ‘एच’ पुरतो. पार्ट मॉडेलिंग मुख्यतः एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे जास्त कोअरचे पैसे इथे वसूल होत नाहीत.

बॅटरी सर्वात जास्त गळते ती ग्राफिक्स कार्डामुळे. काम नसताना वेगळं कार्ड झोपायला हवं. एखादा प्रोग्रॅम ते जागं ठेवतो, किंवा एचडीएमआयचा पोर्ट थेट त्या कार्डाला जोडलेला असतो आणि मॉनिटर लावताच ते उठतं. मग काहीही न करता ५ ते १० वॅट जास्तीचे जातात, म्हणजे वरच्या हिशेबात तिसरा हिस्सा ते निम्मे तास. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ब्राउझर, मेल आणि पीडीएफ वाचक ‘पॉवर सेव्हिंग’वर टाका. शे-दोनशे पार्टच्या साध्या असेंब्लीला आताचं अंगभूत ग्राफिक्सही बऱ्याचदा पुरतं. तुमची खरी फाइल पेनड्राइव्हवर नेऊन दुकानातच फिरवून बघा.

स्क्रीनला फुल एचडीच्या वर्गातलं, कमी वीज खाणारं पॅनेल घ्या. फोर-के ओएलईडी देखणा असतो, पण कॅडच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर तोच जास्त वीज ओढतो. खिडकीशेजारी वाचता यावं म्हणून ४०० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) मात्र हवेत.

अॅपल सिलिकॉनचा मॅकबुक प्रो बॅटरीत सरस आहे, पण सॉलिडवर्क्स हे कॅड सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाही. स्नॅपड्रॅगनच्या विंडोज लॅपटॉपचा मोह होतो, तिथे लायसन्सचा डोंगल (यूएसबीत लावायची किल्ली) तपासा. डोंगलचा ड्रायव्हर एआरएमसाठी, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या जातीच्या प्रोसेसरसाठी, बनवलेला नसेल तर सॉफ्टवेअर उघडणारच नाही.

चार्जिंग यूएसबी-सी पीडीवर (यूएसबी-सी पोर्टातून जास्त वॅटने चार्ज करण्याची पद्धत) होतं का, आणि किती वॅटवर, हे विचारा. १०० वॅटसाठी ५ अँपिअरची केबल लागते, साधी केबल ६० वर अडते. रेल्वेच्या बहुतेक डब्यांतल्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात. अडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असेल तर तो चालतो, पण २३० वॅटचा विटेएवढा अडॅप्टर तिथे लावू नका, ६५ वॅटचा छोटा चार्जर न्या. रात्री ११ ते पहाटे ५ हे पॉइंट बंद ठेवण्याची पद्धत आहे. एसटीत प्लगचा भरवसा धरू नका. पॉवर बँक घ्याल तर २७,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने सुमारे १०० वॅट-तास, त्यातले हाती ऐंशीच्या आसपास येतात. उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावरून जाताना ती हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही.

जुना लॅपटॉप घेताना कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’, ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. अहवालात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ यांची तुलना करा. दुसरा आकडा पहिल्याच्या ८० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून कापून मागा. नवी बॅटरी कंपनीचीच घ्या. नकली बॅटरीवर छापलेले वॅट-तास मोजणीत क्वचितच भरतात, आणि फुगली तर टचपॅड वर येतो.

मशीन घरी आलं की दोन सेटिंग लगेच करा. रोज ऑफिसात प्लगला लावून असेल तर चार्जची मर्यादा ८० टक्के ठेवा, प्रवासाच्या आदल्या रात्रीच १०० करा. आणि झाकण मिटल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ निवडा. नव्या विंडोज लॅपटॉपची झोप कच्ची असते. बॅगेत तो मधेच जागा होतो, तापतो, आणि कराडला झाकण उघडाल तेव्हा बॅटरी बरीच उतरलेली असते.