येशूच्या मागे जायचं ठरवलंय? मग आधी वही घेऊन बसा

उपासनेत एखादं गाणं मनाला भिडतं, डोळे भरून येतात, आपण हात वर करतो आणि म्हणतो प्रभू मी सगळं दिलं. मीपण म्हटलंय, एकदा नाही तीन-चारदा, आणि दर वेळी सोमवारी सकाळी "सगळं" म्हणजे नक्की काय दिलं होतं तेच आठवत नाही. म्हणून ही पद्धत सुरू केली. एक वही, एक पेन आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मिळालेला एक तास, एवढंच लागतं.

आधी बायबलमधल्या लूक 14 मधली 25 ते 33 वचनं वाचा, सावकाश. मागे प्रचंड गर्दी चाललीय, दुसरा कुणी असता तर खूश झाला असता, पण येशू वळून त्यांनाच सांगतो की जमणार आहे का ते आधी बसून बघा. बुरूज बांधायचा तर खर्च काढा, नाहीतर पाया घालून काम अडकेल आणि लोक हसतील. 10 हजार माणसं असलेला राजा 20 हजारवाल्यावर चालून जायच्या आधी विचार करतो. मला बरीच वर्षं वाटायचं की आपल्याकडे पुरेसं आहे का ते मोजायला सांगितलंय. पण 33 वं वचन बघा, जो आपलं सर्वस्व सोडत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही! म्हणजे हिशोब कसाही मांडा, उत्तर एकच येतं, कमी पडतंय. तरी मांडायचा, कारण मांडल्याशिवाय आपण गुपचूप काय बाजूला काढून ठेवलंय ते सापडत नाही.

एक गोष्ट इथेच क्लिअर करतो. तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट आहे, कृपा आहे, ते या वहीतून विकत घ्यायचं नाहीये. पण फुकट मिळालं म्हणून आयुष्य होतं तसंच चालू ठेवायचं, याला जर्मन पाळक बॉनहॉफर "स्वस्त कृपा" म्हणायचा, आणि तो नुसता बोलला नाही. 1939 मध्ये अमेरिकेत सुरक्षित पोचला होता, तरी काही आठवड्यांत हिटलरच्या जर्मनीत परत गेला, आणि 9 एप्रिल 1945 ला त्याला फाशी दिली.

आता गडबड इथेच होते. असली उदाहरणं वाचली की आपण मनातल्या मनात हुतात्मा व्हायची तयारी करतो आणि ऑफिसमधल्या माणसाला सॉरी म्हणायचं राहून जातं. लूक 9:23 मध्ये "दररोज" असा शब्द आहे, दररोज आपला वधस्तंभ (क्रूस) उचलायचा. म्हणून वहीत मोठं काही लिहू नका. वेळ, पैसा, नातीगोती, आणि लोकांत आपलं नाव, अशी पानं करा आणि प्रत्येकावर एकच प्रश्न लिहा: येशूने इथे हात घातला तर मला राग कशाचा येईल? जिथे राग येतो तिथेच आपण काहीतरी धरून बसलोय. माझ्याकडे पैशाचं पान पटकन भरलं, नावाच्या पानावर मात्र अर्धा तास गेला, कारण मला चांगला माणूस म्हणून ओळखलं जायची भयंकर हाव आहे हे लिहायला हातच उचलेना.

दुसऱ्याची वही कॉपी करू नका. मार्क 10 मधल्या श्रीमंत माणसाला सगळं विकायला सांगितलं, तो खिन्न होऊन निघून गेला, आणि येशू बरं अर्धं चालेल म्हणत त्याच्या मागे धावला नाही. तिकडे जकातदार जक्कय स्वतःच अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करतो म्हणाला, आणि त्याच दिवशी या घराला तारण झालं असं येशूने सांगितलं. कुणाकडून काय मागायचं हे मागणारा ठरवतो, शेजारी बसलेला नाही. पाळकसुद्धा नाही! कुणी तुमची पासबुकं मागत असेल किंवा मंडळीच्या (चर्चच्या) नावाखाली राबवून घेत असेल तर तो वधस्तंभ नाही, सरळ नाही म्हणा. तसंच गुडघेदुखीला, खडूस बॉसला वधस्तंभ म्हणू नका, ते सगळ्यांनाच असतं. खाली ठेवून निघून जाता येत होतं तरी येशूसाठी उचललं, तो वधस्तंभ. आणि आपण उद्धट बोललो म्हणून लोक टाळत असतील तर तो छळ नाही, तो आपला स्वभाव आहे.

नात्यांचं पान सगळ्यात अवघड. लूक 14:26 मधला "द्वेष" हा शब्द घेऊन घरच्यांशी भांडायला जाऊ नका. मत्तय 10:37 मध्ये तेच वेगळ्या शब्दांत आहे, माझ्यापेक्षा जास्त प्रीती करू नका, आणि देवाला वाहिलंय असं सांगून आईबापाची जबाबदारी झटकणाऱ्यांना येशूने मार्क 7 मध्ये चांगलंच सुनावलंय. इथे मला नेहमी लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, निर्णय नवऱ्याचा, पण ताटातूट लक्ष्मीबाईंनी पण भोगली, काही वर्षं. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतः विश्वास धरला ती नंतरची गोष्ट. आपला हिशोब आपण एकटे भरत नाही, बिल घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही जातं, म्हणून त्या माणसाला आधी सांगा, समोर बसून, आणि त्याचं ऐकून घ्या. त्याने नाही म्हटलं तर तुम्ही थांबालच असं नाही, पण त्याला बाहेरून कळायला नको.

मग प्रत्येक पानावरची फक्त एक ओळ निवडा आणि तारीख टाका. शुक्रवारपर्यंत अमक्याचे पैसे परत, असं. "जास्त प्रेमळ होईन" वगैरे लिहिलंत तर खोडा. हे एखाद्या विश्वासू भावाला किंवा बहिणीला दाखवा, जो तारीख उलटल्यावर खरंच विचारेल.

आणि मोडणार, हे धरूनच चला. येशूचा शिष्य पेत्र म्हणाला होता मरेन पण नाकारणार नाही, आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारलं. योहान 21 मध्ये येशू त्याला पुन्हा शपथ घ्यायला लावत नाही, प्रीती करतोस का एवढंच विचारतो, तेही तीनदा, आणि लगेच काम देतो, माझी मेंढरं पाळ. त्यामुळे ओळ मोडली तर पान फाडू नका, खाली नवी तारीख टाका. माझ्या वहीत वेळेच्या पानावर "रात्री फोन" ही ओळ आता चौथ्या तारखेसकट आहे.